ओवी, जातें आणि माईक

मराठींत टीकालेखन विपुल झालें आहे, परंतु तें बहुतेक सारें डोळ्यांनीं वाचावयाच्या वाङ्मयाचें. जें वाङ्मय कानानें घ्यावयाचें त्याची परीक्षा करतांनाहि आमचे टीकाकार शब्दांपाशींच थांबतात. आवाज कसा उतरला आहे हें पाहणें त्यांस कारागिराचें काम वाटतें. पॉडकास्ट आणि आंतरजालावरील चित्रफिती घरोघर ऐकल्या जाऊं लागल्यापासून ही उदासीनता परवडेनाशी झाली आहे. कीर्तन, मुलाखत, शेतीचा सल्ला, कथावाचन असें कितीतरी आतां ध्वनिरूपानेंच प्रथम जन्मास येतें. तें नीट ऐकूं आलें नाहीं, तर त्याची दुसरी प्रत कोठेंहि नसते.

प्रस्तुत लेखास निमित्त झाली ती इंदापूर तालुक्यांतील लासुर्णें येथील एका तरुणानें आपल्या आजीच्या जात्यावरील ओव्यांची केलेली लहानशी मालिका. लासुर्णें हें बारामतीहून इंदापुराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें गांव. तुकोबांची पालखी बेलवाडीचें रिंगण आटोपून येथूनच पुढें निमगाव केतकीकडे जाते. मुलूख उसाचा; गाळपाच्या हंगामांत ट्रॅक्टरांची घरघर रात्रीहि थांबत नाहीं. अशा ठिकाणीं शांत घटका सांपडणेंच कठीण, हें त्या तरुणाच्या बाजूनें आधींच नमूद करून ठेवतों.

मालिकेचे भाग तीन. पहिला बैठकीच्या खोलींत घेतलेला. स्लॅबचें छत, गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, डोक्यावर पंखा, आणि फोन आजीबाईंपासून चांगला पांच-सहा फूट दूर टेबलावर. ओवीचा एक चरण भिंतीवरून परत येतो तोंच दुसरा त्याच्यावर जाऊन आदळतो. त्यांतून फोनची स्वतःची हुषारी निराळीच. आजीबाई श्वासाला थांबल्या कीं फोन आपण होऊन आवाज वाढवितो व पंखा पुढें सरसावतो; त्या गाऊं लागल्या कीं पंखा मागें हटतो. ओवीपेक्षां या पंख्याची ये-जाच ध्यानांत राहते. जुन्या धाब्याच्या घरांत हा प्रतिध्वनि इतका माजला नसता. मातीच्या भिंती आवाज पिऊन घेत; नव्या घरानें तो परत करावयास आरंभ केला आहे.

दुसऱ्या भागांत तरुणानें शहाणपण केलें. आंतली लहान खोली, भिंतीला टांगलेल्या गोधड्या, कोपऱ्यांत धान्याचीं पोतीं, पंखा बंद, आणि फोन तोंडापासून वीतभर. यास त्याला एक पैसाहि खर्च आला नाहीं. माईकचें तोंडापासूनचें अंतर निम्में केलें कीं थेट येणारा आवाज सुमारें ६ डेसिबल चढतो, खोलीचा घुमारा मात्र होता तेवढाच राहतो. म्हणून जवळीक हा ध्वनिमुद्रणाचा पहिला गुण आणि महागडा माईक हा फार तर तिसरा. या भागांत ‘स’ आणि ‘श’ यांतील भेदहि कानास कळतो.

असें असूनहि हा भाग आम्हांस निर्जीव वाटला. आजीबाई मधूनच अडखळतात, चरण विसरतात, आणि शेवटीं त्रासून म्हणतात, “आरं लेकरा, जात्याबिगर ओवी याची कशी?” फितींतील हें वाक्य तरुणानें कापलें नाहीं, याबद्दल त्याचे आभार. ओवीची लय हाताच्या ओढीवर चालते. खुंटा सोडला कीं स्मरणशक्तीचा दोराच तुटतो.

तिसरा भाग म्हणूनच जात्यावर घेतला, आणि तेथेंच मालिकेचा खरा प्रश्न उभा राहिला. फोन जात्याशेजारीं जमिनीवर ठेवल्यामुळें दगडाचा थरथराट सरळ त्यांत शिरला व आवाज बुडाला. मग तरुणानें संगणकावर गोंगाट काढून टाकण्याची प्रक्रिया केली. या यंत्राला जें एकसारखें चालतें तें निरुपयोगी वाटतें. त्यानें जात्याची घरघर गोंगाट ठरवून पुसली, आणि तिच्याबरोबर तिच्याच पट्टींतले बाईंच्या आवाजाचे तुकडेहि उचलले. स्वरांचीं टोकें खुडलेलीं, उष्म वर्ण विरलेले. आजीबाई पाण्याखालून गात आहेत असें वाटतें. जातें हा ओवीचा तंबोरा आहे. तंबोरा पुसून गाणें शुद्ध होतें असें कोणी म्हणेल काय?

येथें जुनी गोष्ट आठवते. १९०२ सालीं फ्रेडरिक गायसबर्ग कलकत्त्यास येऊन हिंदी गवयांचीं गाणीं तबकडीवर उतरवूं लागला, तेव्हां गवयाला कर्ण्याच्या तोंडाशीं जाऊन गावें लागे. विद्युत् माईक १९२५ च्या सुमारास आला, तोंवर ही शिक्षा चुकली नाहीं. तबकडी तीन-चार मिनिटांची, सुयांची खरखर अखंड. तरीहि त्या काळचा गळा आज ओळखूं येतो, कारण तो कर्ण्यांत जवळून शिरला होता. आजचें यंत्र दूरूनहि ऐकतें, आणि त्यामुळें आम्ही जवळ जाण्याचें विसरलों.

मालिकेच्या मागें काय पणास लागलें आहे, तें एका मोठ्या उद्योगावरून दिसेल. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुढें बर्नार्ड बेल यांनीं त्यांतील कांहींचें ध्वनिमुद्रण केलें. तें शंभराहून अधिक तासांचें भरतें. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काईव्ह ऑफ रूरल इंडिया’ हा संग्रह लोकांपुढें मांडीत आली आहे. शब्द लाखाचे, पण कंठ कांहीं हजार ओव्यांचाच. उरलेल्या आम्ही वाचूं शकतों. त्यांची चाल त्या बायांबरोबर गेली. पिठाची गिरणी गांवोगांव आल्यावर जातें माळ्यावर चढलें, आणि ज्यांनीं पहांटे खरोखर दळण दळलें अशा स्त्रिया आतां सत्तरी-ऐंशीच्या घरांत आहेत. लासुर्ण्याच्या तरुणास चौथी संधि मिळेल. सर्वांनाच मिळेल असें नाहीं.

ती मिळाल्यास काय करावें, हें त्याला आम्हीं पत्रानें कळविलें आहे. फोन जमिनीवर नको. चौपदरी गोधडीवर, जात्याच्या उलट बाजूस, तोंडाच्या उंचीवर असावा. पदराला अडकवावयाचा लहान माईक टाळावा, कारण खुंटा फिरतांना पदर हलतो व त्याची सळसळ सबंध ओवीभर पुरते. दुसरा फोन मिळाला तर जात्याचा आवाज त्यावर निराळा घ्यावा, म्हणजे साथ किती ठेवावयाची हें मागाहून कानानें ठरवितां येतें. फोनची आपोआप आवाज वाढविण्याची सोय बंद करावी, आणि पातळी अशी ठेवावी कीं सर्वांत उंच स्वरहि कमाल मर्यादेच्या १२ डेसिबल खालींच राहील. एकदां फाटलेला स्वर कोणतेंहि यंत्र शिवून देत नाहीं. मूळ फीत न दाबतां, ४८,००० नमुन्यांच्या व २४ बिटांच्या मापानें जतन करावी. बांगड्यांचा किणकिणाट मात्र येऊं द्यावा.

त्याचें उत्तर आलें. तिसऱ्या भागाची प्रक्रिया न केलेली मूळ फीत त्याच्यापाशीं अद्याप आहे. ती आम्हांस पाठवून त्यानें विचारिलें कीं, ही जशीच्या तशी लोकांपुढें ठेवली तर चालेल काय. आम्हीं ती दोनदां ऐकली. पहिल्या खेपेस जातेंच ऐकूं आलें. दुसऱ्या खेपेस, कान सरावल्यावर, दगडाच्या घरघरीखालून आजीबाईंचा आवाज हळूहळू वर आला, आणि त्यांत त्या एकदांहि अडखळलेल्या नाहींत. ठेवावी, असें आम्हीं लिहिलें आहे.