पुस्तकाचे कल्ले

कुडाळच्या बाजारात बांगडा घेणारा माणूस आणि पुस्तक घेणारा माणूस यांच्यात फार फरक. बांगडा घेणारा कुणावरही विश्वास ठेवत नाही. तो आधी माशाच्या डोळ्यांत डोळे घालून बघतो, मग अंगठ्यानं पोट दाबतो आणि शेवटी कल्ला उचलून आतला रंग तपासतो. कल्ला लाल असला तर भावाची बोलणी, काळसर असला तर पुढची पाटी. मासळीवाली "आत्ताचो आसा ओ!" म्हणून कितीही शपथा घेवो, हा बधत नाही. हाच चोखंदळ गृहस्थ पुस्तकाच्या दुकानात शिरला की मात्र लग्नात आलेल्या लाजाळू पाहुण्यासारखा वागतो. मुखपृष्ठ पाहतो, हातात धरून वजन पाहतो, दुकानदार "सध्या हेच चालतं" म्हणाला की पैसे मोजून मोकळा होतो. पुस्तकाचा कल्ला उचलून बघायचा असतो, हे त्याच्या गावीही नसतं.

कथा-कादंबरीच्या बाबतीत हे खपून जातं. कादंबरी शिळी निघाली तर फार तर दुपारची झोप चांगली लागते. प्रोग्रॅमिंगचं पुस्तक शिळं निघालं तर मात्र वाचणाऱ्याचं एक वर्ष बाधतं.

हा विषय माझ्या घरात शिरला तो माझ्या भाचीमुळे. ती बी.एस्सी. झाली. आमच्याकडे कन्या पदवीधर झाली की तिला कोकणकन्येत बसवून द्यायची चाल आहे. १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली तेव्हा आता मुंबई जवळ आली असं सगळे म्हणाले. मुंबई कुठली येते? ती आहे तिथंच आहे, इथली पोरंच तिच्या जवळ गेली. भाचीनं मात्र जाहीर केलं, "मामा, मी खय जावचंय नाय. हयच बसान वेब ॲप्लिकेशनां करतलंय." म्हणजे नुसती चित्रांची पानं नव्हेत, गिऱ्हाईक आत येईल, नाव सांगेल, मागणी नोंदवील, पैसे भरील आणि हे सगळं नीट लिहून ठेवलं जाईल, असं चालतं-बोलतं काम. आमच्या भावोजींचं काजूगर, कोकम आणि आगळाचं दुकान आहे. त्यांनी गल्ल्यावर बसल्या बसल्या निकाल दिला, "एक वर्ष देतंय. जमला तर बरां, नायतर मुंबय."

तेव्हा कुठलं पुस्तक घ्यावं हा प्रश्न वाङ्मयीन उरला नाही. मुलगी घरात राहणार की गाडीत बसणार, हे त्यावर ठरणार होतं.

मग पुस्तकं जमू लागली. काही पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून आली, काही ओळखीच्यांच्या इंजिनिअर मुलांनी माळ्यावर टाकलेली होती. ओटीवर ढीग झाला. मी वाचायचो आणि ती करून बघायची. मला स्वतःला प्रोग्रॅमिंग येत नाही. पण लिहिता न येणं ही समीक्षकाला कधी अडचण होत नाही, असा मराठी साहित्याचा जुना अनुभव आहे. त्या भरवशावर पुढील मतं मांडतो.

पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी, की या सगळ्या पुस्तकांची सुरुवात एकच. कर्निघन आणि रिची या जोडीनं १९७८ साली 'सी' भाषेवर जे पुस्तक लिहिलं, त्यातला पहिला प्रोग्रॅम पडद्यावर 'हॅलो वर्ल्ड' एवढंच उमटवतो. तेव्हापासून ही प्रथा पडली. आमच्याकडे कुठल्याही कार्याला आधी गाऱ्हाणं घालतात, तसं हे त्यांचं गाऱ्हाणं. लेखक "बा देवा महाराजा" म्हणतो आणि वाचक मागून "होय महाराजा" म्हणतो. इथवर सगळी पुस्तकं सारखीच गोड. त्यामुळे पुस्तकाची परीक्षा पहिल्या पानावर कधी करू नये. गाऱ्हाणं झाल्यावर कोंबडा कुणाच्या वाट्याला येतो ते पाहावं.

दुकानदाराकडे वेबचं पुस्तक मागितलं की तो हमखास नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' पुढे करतो. पुस्तक गुणी आहे. इंग्रजी सोपं, शिकवणारा माणूस समोर बसून बोलतो आहे असं वाटतं, आणि भारतातल्या किती इंजिनिअरांचं ते पहिलं पुस्तक असेल त्याची गणती नाही. पण ते 'सी' शिकवतं. वेबसाठी ते घेणं म्हणजे होडी वल्हवायला शिकायचं म्हणून आधी सुतारकाम शिकणं. वाईट काहीच नाही, फक्त वर्षाची मुदत सुतारकामात संपते.

मग वजनदार पुस्तकं. डेव्हिड फ्लॅनगन यांचं 'जावास्क्रिप्ट : द डेफिनिटिव्ह गाइड' हे १९९६ पासून आवृत्त्या घेत आलेलं पुस्तक. मुखपृष्ठावर गेंडा. २०११ सालची आवृत्ती जवळजवळ अकराशे पानांची, म्हणजे गेंडा तंतोतंत. त्याच भाषेवर डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००८ साली एक चिमुकलं पुस्तक लिहिलं. मुखपृष्ठावर फुलपाखरू आणि पानं पावणेदोनशेच्या आत. विषय काय, तर या भाषेतला चांगला भाग तेवढा! म्हणजे अकराशे पानांतला उरलेला मजकूर कसला, याचा विचार करत मी एक रात्र काढली. भाचीनं दोन्ही पाहिली आणि म्हणाली, "गेंडो शब्दकोशासारखो आसा, नि फुलपाखरू भांडणासारखां." अचूक समीक्षा. पहिलं शोधायला आहे, सलग वाचायला नाही. दुसरं जाणत्याशी वाद घालायला आहे, अजाणत्याला शिकवायला नाही. शिवाय २०१५ साली त्या भाषेत एवढी भर पडली की फुलपाखराचा बराच रंग उडाला.

एकवीस दिवसांत किंवा चोवीस तासांत शिकवणाऱ्या पुस्तकांबद्दल मी काय बोलणार? पीटर नॉर्विग नावाच्या जाणत्या संगणकशास्त्रज्ञानं त्यांना उत्तर म्हणून 'दहा वर्षांत प्रोग्रॅमिंग शिका' अशा मथळ्याचा निबंधच लिहून ठेवला आहे. चोवीस तासांत आमच्याकडे आमसुलंसुद्धा सुकत नाहीत.

'हेड फर्स्ट' मालेतलं एचटीएमएलचं पुस्तक मात्र घरात सगळ्यांना आवडलं. पानोपानी चित्रं, बाण, गप्पा. कुडाळच्या शेजारी पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथीची परंपरा आहे. त्याच गावच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रकथीत एकेक चित्र पुढे करत कथा सांगतात, आणि अशा चित्रांच्या संचाला पोथी म्हणतात. हे पुस्तक म्हणजे तशी पोथी आहे. कॉफीच्या दुकानाची पानं करता करता वाचक कधी शिकला ते त्याला कळत नाही. उणीव एवढीच, की ही पोथी गिऱ्हाइकानं फॉर्म भरण्यापर्यंत येते आणि मिटते. भरलेला फॉर्म गेला कुठे, तो कुणी उचलला, कुठल्या फडताळात ठेवला, ही कथा दुसऱ्या पोथीत. आणि भाचीला हवी होती ती नेमकी तीच.

आता कल्ल्यांकडे येतो. माशाप्रमाणे या पुस्तकांतही दोन जाती आहेत, ताजी आणि सुकी.

ताजी म्हणजे एखाद्या विशिष्ट साधनावरची, पायथनवरची, पीएचपीवरची, रेल्सवरची. यांचा वास फार लवकर बदलतो. पायथनचं जुनं पुस्तक ओळखायची खूण सोपी आहे. 'प्रिंट' या शब्दापुढे कंस आहे का बघायचं. कंस नसेल तर ते दुसऱ्या पायथनचं पुस्तक, आणि त्या पायथनची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद झाली. आजच्या यंत्रावर त्यातलं गाऱ्हाणंच अडतं, पुढचं कार्य लांब राहिलं. पीएचपीच्या पुस्तकात 'मायएसक्यूएल क्वेरी' नावाची जुनी आज्ञा दिसली तर पुस्तक अलगद खाली ठेवावं. २०१५ च्या डिसेंबरात आलेल्या पीएचपी ७ मधून ती काढून टाकली आहे. आणि तशा पुष्कळ पुस्तकांत याहून मोठं विष असतं. गिऱ्हाइकानं फॉर्ममध्ये जे लिहिलं, ते जसंच्या तसं आज्ञेत जोडून कोठीकडे पाठवायला ती शिकवतात. लबाड गिऱ्हाईक नावाच्या जागी आज्ञाच लिहून पाठवतो आणि कोठी ती मुकाट पाळते. मी हे भावोजींना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे गल्ल्याची चावी गिऱ्हायकाच्या हातात!" त्या दिवसापासून पुस्तकं तपासण्यात त्यांनाही रस आला.

सुकी पुस्तकं वेगळी. सुका बांगडा पावसाळाभर टिकतो, तशी ही टिकतात. ब्राउझर काय मागतो, पलीकडचं यंत्र काय उत्तर देतं, माहिती कोष्टकांत कशी लावतात, हे फारसं बदलत नाही. माहिती कोष्टकांत लावण्याची कल्पना एडगर कॉड यांनी मांडली १९७० साली. त्याच साली कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' निघाली हे मला फार सूचक वाटतं. कुठला डबा कुठल्या फळीवर, हा दोघांचाही विषय. 'रुचिरा'नं वाटी-चमच्याची मापं देऊन हजारो नवशिक्यांना स्वयंपाकघरात उभं केलं. "मीठ अंदाजानं" हे वाक्य ज्याला येतं त्याच्यासाठी असतं. प्रोग्रॅमिंगची कितीतरी पुस्तकं हे अंदाजाचं मीठ पानोपानी घालतात. "आता सर्व्हर चालू करा" असं म्हणून लेखक पुढे जातो, आणि वाचक कुडाळात बसून सर्व्हरचं बटण शोधत राहतो. सुक्यांपैकी अच्युत गोडबोले आणि अतुल कहाते या मराठी जोडीचं 'वेब टेक्नॉलॉजीज' भाचीनं ठेवून घेतलं. आहे ते इंग्रजीत आणि अभ्यासक्रमाच्या शिस्तीत, पण एका यंत्राकडून दुसऱ्याकडे टपाल कसं जातं ते त्यात सापडतं.

ताज्यांपैकी तिनं निवडलं ते 'अजाइल वेब डेव्हलपमेंट विथ रेल्स', आणि तेही अगदी अलीकडच्या आवृत्तीचं. पहिली आवृत्ती २००५ ची, डेव्ह थॉमस आणि डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांची. मला ते आवडलं त्याचं कारण त्यात एकच दुकान आहे आणि ते शेवटपर्यंत उघडं राहतं. आधी माल मांडायचा, मग गिऱ्हाइकाची टोपली, मग मागणी. मध्येच दुकानमालक येतो, "हे नको, तसं करा" म्हणतो आणि लेखक मुकाट्यानं केलेलं मोडून पुन्हा करतो. टोपलीत भलताच आकडा घातला तर काय बिघडतं तेही ते करून दाखवतं. दोषही आहेत. यंत्र पुष्कळ गोष्टी आपण होऊन करतं, आणि ती का करतं हे कळायला वेळ लागतो. आणि रेल्स बदललं की पुस्तक बदलावं लागतं. पाचशेच्या दोनेक नोटा दर खेपेला कुणी मोजायच्या?

हिंजवडीत नोकरीला असलेल्या पुतण्यानं फोनवर नाक मुरडलं. "काका, आता रेल्स कोण शिकतं? रिॲक्ट शिकवा. नाहीतर पुस्तक कशाला, एआयला विचारा, तो लिहून देतो." रिॲक्ट २०१३ पासून आहे आणि पुढेमागे तीही शिकेल, पण ते दुकानाचा दर्शनी भाग सांभाळतं, कोठीचा हिशेब वेगळाच राहतो. एआयला तर ती रोज विचारते. तो लिहूनही देतो, झरझर. पण गल्ल्याची चावी त्यानं गिऱ्हाइकाला दिली आहे की नाही, हे ओळखायला आपल्याला आधी कळलेलं असावं लागतं. आमच्या दशावतारी नटाला लिहिलेली संहिता नसते, संवाद तो रंगमंचावर उभ्या उभ्या रचतो. ते जमतं, कारण आख्यान त्याला तोंडपाठ असतं. संवाद आता यंत्रही पुरवील. आख्यान मात्र ज्याचं त्यानं पाठ करायचं, आणि शिकण्याच्या पुस्तकाचं काम तेवढंच आहे.

आणि हे मोठ्या शहरातच होतं असंही नाही. पायथनवाले ज्या जँगोच्या जोरावर वेबचा संसार थाटतात, तो २००३ च्या सुमारास अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स नावाच्या गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत तयार झाला. लॉरेन्स म्हणजे काही न्यूयॉर्क नव्हे. ही माहिती मी भावोजींना मुद्दाम दोनदा सांगितली.

मुदतीचे आठ महिने झाले आहेत. पुस्तकातल्या दुकानात पुस्तकं होती, तिथं आता काजूगर, आगळ आणि आमसुलं आहेत. टोपली भरते, मागणी नोंदते. परवा भावोजींनी चष्मा लावून सगळं तपासलं आणि विचारलं, "ह्येच्यात उधारी खय आसा?"

भाचीनं पुस्तक उलटंपालटं केलं. अनुक्रमणिका पाहिली, सूची पाहिली. अमेरिकेतल्या दुकानात उधारी नाही! महिनाअखेरीला देणारा मास्तर नाही, चतुर्थीला मुंबईहून येऊन वर्षाची बाकी चुकती करणारा चाकरमानी नाही, आणि "बापाशीच्या नावावर लिव" म्हणून पिशवी उचलून जाणारा पोरगा तर नाहीच नाही.

तिनं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं, भावोजींची लाल वही मागून घेतली आणि उधारीचं कोष्टक कसं असावं ते कागदावर आखायला बसली. भावोजी थोडा वेळ उभे राहिले, मग खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले आणि कोणाची बाकी किती वर्षांची आहे ते सांगू लागले.