धरणाची भिंत आणि छायाचित्राची चौकट

जिल्ह्याच्या इतिहासावरची कोणतीही स्मरणिका उघडावी, पहिल्या काही पानांत एक छायाचित्र हमखास सापडते. मागे अर्धवट उठलेली दगडी भिंत, पुढे मांडव, मांडवात पांढऱ्या टोप्या आणि मधोमध हातात थापी किंवा कुदळ घेतलेले पाहुणे. खाली ओळ असते : अमुक प्रकल्पाच्या पायाभरणी प्रसंगी. बहुतेक वेळा हे चित्र जुन्या वर्तमानपत्रातून घेतलेले असते आणि ते ‘विकासाचा पुरावा’ म्हणून छापले जाते. गेली काही वर्षे ग्रंथालयांतील जुन्या अंकांचे बांधीव खंड चाळताना मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा पडत गेला : हे छायाचित्र नेमका कशाचा पुरावा देते?

प्रश्न केवळ रसिकतेचा नाही. प्रकल्पांवर लिहिणारे पत्रकार, ग्रामइतिहास लिहिणारे शिक्षक, पुनर्वसनाचे जुने दावे मांडणारे कार्यकर्ते हे सगळेच आज या चित्रांकडे वळतात. चित्रात जे आले ते घडले, जे आले नाही ते जणू नव्हतेच, असा समज हळूहळू पक्का होत जातो. म्हणून साधारण १९५० ते १९६७ या काळातील वृत्तछायाचित्रांची भाषा एकदा नीट वाचली पाहिजे. कोयना आणि पानशेत ही माझी मुख्य उदाहरणे आहेत. तुलनेसाठी महाराष्ट्राबाहेरची दोन चित्रे घेतली आहेत.

आधी ही चित्रे छापली कशी जात ते पाहू. त्या काळी छायाचित्र थेट कागदावर उतरत नसे, आधी जस्ताचा ब्लॉक करावा लागे. मूळ चित्र जाळीतून टिपून त्याचे लहानमोठ्या ठिपक्यांत रूपांतर होई. वर्तमानपत्राचा कागद खरबरीत आणि शाई पसरणारी, त्यामुळे जाळीही भरड, इंचाला पन्नास-साठ रेषांच्या आसपासची ठेवावी लागे. अशा जाळीत करड्या रंगाच्या बारीक छटा टिकत नाहीत. काळ्या डोंगरापुढची पांढरी भिंत ठसठशीत उमटते, पण भिंतीवरून घमेले घेऊन चाललेली बाई चार ठिपक्यांत विरघळते. ब्लॉक करण्यापूर्वी चित्रावर कुंचलाही फिरे. आकाश साफ केले जाई, पाहुण्यांच्या चेहऱ्याची कड उठावदार केली जाई, नको असलेला भाग कापला जाई. म्हणजे मजूर चित्रातून गेला तो नेहमी कोणाच्या दुष्टाव्यामुळे गेला असे नाही, काही वेळा त्याला जाळीनेच गाळले. पण गाळणी कशीही असली तरी वाचकाच्या हाती गाळलेलेच आले, हे विसरता येत नाही.

दुसरी मर्यादा फिल्मची. त्या काळात सर्रास वापरल्या जाणाऱ्या दुहेरी भिंगाच्या कॅमेऱ्यात एका रोळावर बारा चित्रे येत. छायाचित्रकार बहुधा पाहुण्यांच्या ताफ्याबरोबर जाई आणि रात्री अंक छपाईला जाण्याआधी त्याला परतावे लागे. बारा चित्रांत पूजा, भाषण, कळ दाबणे आणि भिंत एवढे बसवायचे. वस्तीकडे जायला ना फिल्म उरे ना वेळ.

तिसरी मर्यादा कागदाची. अंक मुळात आटोपशीर असत. पानांची संख्या अंकाच्या किमतीशी बांधणारा आदेश केंद्र सरकारने १९६० मध्ये काढला, तेव्हा ‘सकाळ’ने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आणि तो आदेश व त्यामागचा १९५६ चा कायदा न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. त्या वेळी ‘सकाळ’चा अंक बहुतेक दिवशी सहा पानांचा होता. सहा पानांत बाजारभाव, अग्रलेख, जाहिराती आणि गावोगावच्या बातम्या बसवून उरलेल्या जागेत किती चित्रे येणार? जागा कमी असली की संपादक बातमीशी थेट जुळणारे चित्र निवडतो, आणि बातमी बहुधा समारंभाची असे.

इथे या छायाचित्रांचा पहिला मोठा दोष दिसतो. बांधकाम अनेक वर्षे चालते, वर्तमानपत्र मात्र त्यातले दोन-तीन दिवस पाहते. कोयनेचे काम पन्नाशीच्या दशकात सुरू झाले, पोफळीच्या वीजगृहातून १९६२ मध्ये वीज निघाली आणि धरण १९६४ मध्ये पुरे झाले. जायकवाडीची पायाभरणी लालबहादुर शास्त्री यांच्या हस्ते १८ ऑक्टोबर १९६५ रोजी झाली आणि लोकार्पण इंदिरा गांधींच्या हस्ते १९७६ मध्ये. पायाभरणी आणि लोकार्पण या दोन चित्रांच्या मध्ये दहा पावसाळे आहेत. खडी फुटली, सिमेंट आले, माणसे आली, आजारी पडली, गेली. गावांना नोटिसा आल्या, बिऱ्हाडे उठली. समारंभाच्या चित्रांवरून काळ मोजायचा तर मधली सगळी वर्षे कोरी दिसतात.

दुसरा दोष विषयाच्या निवडीचा, आणि कोयना त्याचे उत्तम उदाहरण आहे. कोयनेचे चित्र म्हटले की डोळ्यांपुढे भिंत येते. ती आहेच मोठी : उंची १०३ मीटर, लांबी ८०० मीटरांहून थोडी जास्त. पण कोयनेचे खरे अभियांत्रिकी धाडस भिंतीत नसून सह्याद्रीच्या पोटात आहे. पूर्वेकडे कृष्णेला मिळणाऱ्या नदीचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेकडे वळवून चारशे मीटरांहून अधिक उंचीवरून कोकणच्या बाजूला सोडायचे आणि डोंगर कोरून केलेल्या भूमिगत वीजगृहात वीज करायची, ही कल्पना या प्रकल्पाचा प्राण आहे. बोगदा मात्र छायाचित्राला फारसा साथ देत नाही. तिथे अंधार आहे, धूर आहे, मागे दिसायला डोंगर नाही आणि भरड जाळीत तर सगळे काळेच उमटणार. त्यामुळे प्रकल्पातील जो भाग सर्वांत अवघड, जिथे माणसाने सर्वांत जास्त जोखीम पत्करली, तोच वाचकाच्या नजरेआड राहिला. विकासाची बाजू दाखवण्यातही ही चित्रे अपुरी पडली, असे मी म्हणतो ते याच अर्थाने.

हे असेच होणे अटळ होते का? अमेरिकेतील एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. ‘लाइफ’ साप्ताहिकाचा पहिला अंक २३ नोव्हेंबर १९३६ चा. त्याच्या मुखपृष्ठावर मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी टिपलेले मोंटानातील फोर्ट पेक धरणाचे चित्र आहे. किल्ल्यासारखे उभे काँक्रीटचे बुरूज आणि तळाशी मापापुरती दोन चिमुकली माणसे. जगभर धरणांची चित्रे कशी काढावीत याचा जणू तो कित्ताच ठरला. पण त्याच अंकात आतल्या पानांवर त्याच छायाचित्रकर्तीने धरणाच्या मजुरांची फळकुटांची वस्ती, तिथले दारूचे गुत्ते, शनिवारची रात्र, बायका-मुले हे सारे दाखवले आहे. संपादकांनी तिला पाठवले होते बांधकामाची चित्रे आणायला; तिने माणसेही आणली आणि ती छापली गेली. मुखपृष्ठ आणि आतली पाने एकत्र पाहिली म्हणजे धरण समजते. आपल्याकडे मुखपृष्ठाचा कित्ता गिरवला गेला, आतल्या पानांचा नाही.

आपल्याकडे तशी नजर असलेले छायाचित्रकार नव्हते असे मुळीच नाही. सुनील जाना यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची चित्रे कम्युनिस्ट पक्षाच्या पत्रासाठी काढली. स्वातंत्र्यानंतर त्यांनीच धरणे आणि कारखाने टिपले, आणि माणसाकडे जवळून पाहण्याची सवय तिथेही सुटली नाही. उणीव कौशल्याची नव्हती. ते कौशल्य दैनिकाच्या रोजच्या पानापर्यंत पोचवणाऱ्या व्यवस्थेची होती.

आता ओळीविषयी. छायाचित्राखालची ओळ हा चित्राचाच भाग असतो. या काळातल्या ओळींची रीत ठरलेली आहे : ‘डावीकडून’ म्हणून सुरुवात, मग मंत्री, कलेक्टर, मुख्य अभियंता, लोकल बोर्डाचे अध्यक्ष. नावे संपली की ‘व इतर’. या ‘इतर’ शब्दात किती माणसे मावली असतील! चित्र मजुरांचे असेल तर ओळीत नाव नसते, भावना असते : राष्ट्रउभारणीत मग्न श्रमिक स्त्रिया, किंवा तत्सम काही. डोक्यावर पाटी घेतलेली बाई हे त्या काळाचे आवडते प्रतीक झाले. पण प्रतीकाला गाव नसते, मजुरीचा दर नसतो, आडनाव नसते.

या रीतीला छेद देणारे एक चित्र प्रसिद्ध आहे. ६ डिसेंबर १९५९ रोजी दामोदर खोऱ्यातील पंचेत धरणाच्या उद्घाटनात पंडित नेहरूंनी कळ स्वतः न दाबता तिथे काम केलेल्या एका किशोरवयीन संथाळ मुलीच्या हातून ती दाबवली. मजूर चौकटीच्या मध्यभागी आला, तिचे नावही छापले गेले. मात्र समारंभात तिने पाहुण्यांना हार घातला होता आणि तो परक्याशी झालेला विवाह मानून तिच्या समाजाने तिला बाहेर काढले. पुढे नोकरीही गेली आणि ती परत मिळायला दोन दशकांहून अधिक काळ लागला. चित्र उदार हेतूने योजले होते याबद्दल मला शंका नाही. पण दुसऱ्या दिवशी त्या गावात परत जाऊन काय झाले हे पाहण्याची सोय त्या चित्रात नव्हती. ओळीत नाव आले म्हणजे न्याय झाला असे समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. मीही ते नाव इथे पुन्हा लिहीत नाही.

याच कॅमेऱ्याची दुसरी भाषा दिसते ती संकटात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आज ‘पानशेत’ म्हटले की पुणेकरांना धरण आठवत नाही. पाण्याखाली गेलेला लकडी पूल, ढासळलेले वाडे आणि गाळाने भरलेले रस्ते आठवतात. या चित्रांत कॅमेरा माणसाच्या उंचीवर आहे. निमंत्रण नाही, मांडव नाही, मध्यभागी कोणी नाही. भांडी शोधणारी बाई, गाळात बुडालेले दुकान, छपरावरची माणसे हेच विषय. ओळीत पदे नाहीत, पेठांची नावे आहेत. विकासाच्या चित्रात जो ‘इतर’ होता तोच इथे चित्राचा धनी झाला.

कोयनेत हा बदल आणखी स्पष्ट दिसतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, दीडशेहून अधिक माणसे मेली आणि कोयनानगरची घरे जमीनदोस्त झाली. ज्या वसाहतीतून धरण उभे राहिले तीच कोसळली. धरण टिकले, पण भिंतीला भेगा पडल्या आणि पुढे तिचे मजबुतीकरण करावे लागले. आता भिंत लांबून, खालून, भव्य दिसेल अशी टिपून भागणार नव्हते. भेग कुठे आहे, किती लांब आहे, हे पाहायला जवळ जावे लागले. दुरून घेतलेले चित्र अभिमान देते, जवळून घेतलेले माहिती देते. वर्तमानपत्राला दोन्हींची गरज असते. दुसऱ्या प्रकारासाठी आपल्याला भूकंपाची वाट पाहावी लागली, ही माझी तक्रार आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. तो काळ आशेचा होता. नवे राज्य १ मे १९६० रोजी झाले होते, घराघरात वीज यायची होती, दुष्काळी तालुक्यांना पाणी हवे होते. लोकांना ती चित्रे पाहून खरोखरच बरे वाटत असे, त्यात खोटे काय? मला हे मान्य आहे. भिंत खरी होती, वीजही खरी होती. आज त्या चित्रांकडे पाहून तुच्छतेने हसणे सोपे आहे, पण ते इतिहासाचे वाचन नव्हे. माझा मुद्दा एवढाच की चित्र आशेचा पुरावा आहे, हिशोबाचा नाही. हिशोबाच्या एका बाजूला कोयनेचे विस्थापित आहेत. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा कायदा झाला १९७६ मध्ये, म्हणजे कोयनेचे धरण पुरे झाल्यानंतर बारा वर्षांनी. त्यांच्यातल्या अनेकांचे प्रश्न पुढच्या पिढ्यांपर्यंत रेंगाळले. गाव कसे होते, घर किती खणांचे होते, झाडे किती होती, हे दाखवायला त्यांच्याकडे छायाचित्र नाही. ज्या छायाचित्रांत त्यांचा परिसर आहे, त्यांत तो पाण्याखाली आहे.

तेव्हा करायचे काय? मला तीन साध्या गोष्टी सुचतात. जुने चित्र पुन्हा छापताना त्याची मूळ तारीख, मूळ ओळ आणि ते कोणी पुरवले, सरकारी प्रसिद्धी खात्याने की दैनिकाच्या छायाचित्रकाराने, हे द्यावे. मूळ प्रत हाती असेल तर तिची मागची बाजूही जपावी. कापण्याच्या खुणा, शिक्के आणि चिकटवलेला मजकूर तिथेच असतो आणि काय वगळले ते तिथेच कळते. आणि स्मरणिका काढणाऱ्यांनी पायाभरणीच्या चित्राशेजारी निदान बुडालेल्या गावांची यादी छापावी. यादीला ब्लॉक लागत नाही.

उजनीचे पाणी उन्हाळ्यात फार खाली गेले की इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने मंदिर वर येते. तेव्हा छायाचित्रकार धावतात आणि दुसऱ्या दिवशी ते चित्र वर्तमानपत्रात झळकते, पर्यटकही जमतात. चित्र सुंदर असते. पण त्या देवळाभोवती एक गाव होते, आणि त्याचे चित्र काढण्याची वेळ पाणी चढण्याआधीची होती. आज राज्यात कुठे महामार्गासाठी, कुठे विमानतळासाठी, कुठे धरणासाठी मोजणीचे दगड रोवले जात आहेत. तिथे जाणाऱ्या छायाचित्रकाराकडे आता बारा चित्रांची मर्यादा नाही आणि भरड जाळीही नाही. त्याने भूमिपूजनाच्या मांडवात जरूर जावे, पण निघण्यापूर्वी गावातून एक फेरी मारावी, घरे टिपावीत आणि ओळीत माणसांना विचारून त्यांची नावे लिहावीत. पन्नास वर्षांनी कोणी ते खंड चाळेल, तेव्हा त्याला मधली वर्षे कोरी दिसू नयेत.