मात्सुमोतोच्या गिटारी

सत्तरच्या दशकातल्या कुठल्याही जपानी गिटारला ‘लॉसूट’ हे बिरूद चिकटवलं की जुन्या वाद्यांच्या बाजारात तिचा भाव वर चढतो. खटला मुळात एकच झाला, तोही एकाच कंपनीवर. गिब्सनची मालक असलेल्या नॉर्लिनने जून 1977 मध्ये फिलाडेल्फियाच्या संघीय न्यायालयात आयबानेझच्या अमेरिकन वितरकाला, म्हणजे एल्गर कंपनीला, खेचलं. वाद आवाजाचा नव्हता, लाकडाचा नव्हता, हेडस्टॉकच्या वरच्या कडेच्या आकाराचा होता. आयबानेझने तो आकार तोवर बदलायलाही घेतला होता. पुढच्या वर्षी न्यायालयाबाहेर तडजोड झाली. गंमत अशी की त्याच काळात गिब्सनच्याच घरातली एपिफोन गिटार मात्सुमोतो शहरातल्या मात्सुमोकू कारखान्यात बनत होती. जपान्यांनी अमेरिकनांची हुबेहूब नक्कल केली आणि त्यावर नाव कमावलं, ही सरधोपट कथा इथेच डळमळीत होते.

माझ्या मते जपानी इलेक्ट्रिक गिटारचं मोठेपण हुबेहूबपणात नाही. वादकाची तक्रार कारखान्याच्या आतपर्यंत पोचू लागली, आणि तिथल्या लोकांनी ती मनावर घेतली, तेव्हा ही गिटार खऱ्या अर्थाने जपानी झाली.

जपानमध्ये या गिटारची सुरुवात हवाईयन गिटारने झाली. गुयाटोन कंपनीचे मित्सुओ मात्सुकी 1930 च्या दशकापासून या उद्योगात होते. टीस्को ही कंपनी 1946 मध्ये निघाली. नागोयाच्या होशिनो या पुस्तकाच्या दुकानाने 1929 पासून स्पेनहून साल्वादोर इबान्येझ यांच्या गिटारी मागवल्या आणि पुढे तेच नाव, आयबानेझ, स्वतःच्या वाद्यांना दिलं. पण खरी लाट आली ती 1965 मध्ये, व्हेंचर्स या अमेरिकन बँडच्या दौऱ्यानंतर. ‘एलेकी’चं, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचं, वेड इतकं पसरलं की तोचिगी प्रांतातल्या आशिकागा शहरात शाळकरी मुलांना इलेक्ट्रिक गिटारची बंदी झाली. गिटारवादक ताकेशी तेराउची यांनी 1967 मध्ये बेथोव्हेनची पाचवी सिंफनी इलेक्ट्रिक गिटारवर बांधून दाखवली.

या काळातली वाद्यं बघायला फार मजेशीर आहेत. चार-चार पिकअप, बटणांची रांग, धातूच्या चकचकीत पट्ट्या. टीस्कोच्या गिटारी अमेरिकेत स्वस्तातल्या मालात वेगवेगळ्या नावांनी विकल्या गेल्या. माना जाड, फ्रेट कच्चे, सूर टिकवणं कठीण, हे सगळं खरं. तरीही त्यांना नुसतं खेळणं म्हणून बाजूला सारणं मला मान्य नाही. त्यांच्या सोनेरी पत्र्याच्या पिकअपचा किंचित खरखरीत, मोकळा आवाज राय कूडरने आपल्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये मुद्दाम बसवून घेतला. शिकागोचा हाउंड डॉग टेलर अशाच स्वस्त जपानी गिटारवर ब्लूज वाजवत राहिला. 1967 मध्ये टीस्को कावाई कंपनीकडे गेली आणि तो मोकाट उत्साह ओसरला.

मग नकलेचं दशक. मात्सुमोकू मूळची शिलाई मशीनची लाकडी कपाटं बनवणारी. फुजिगेन 1960 मध्ये सुरू झालेली. दोन्ही कारखाने मात्सुमोतोत, नागानो प्रांतात. 1970 च्या आसपासची जपानी लेस पॉल, म्हणजे गिब्सनच्या त्या नावाच्या गिटारची नक्कल, उघडून पाहिली तर मान स्क्रूने जोडलेली आणि फुगीर माथ्याखाली चक्क पोकळी सापडते: दाबून वाकवलेल्या प्लायवूडचा नुसता घुमट. लांबून लेस पॉल, हातात घेतली की हलकी. पाच-सहा वर्षांत हे सगळं बदललं. मान डिंकाने बसवली जाऊ लागली, पोकळी गेली, फ्रेटच्या कडा गुळगुळीत झाल्या. हामामात्सुच्या टोकाईने 1977-78 मध्ये स्ट्रॅट आणि लेस पॉलच्या ज्या आवृत्त्या काढल्या, त्या तेव्हाच्या मूळ अमेरिकन मालापेक्षा जुन्या, नावाजलेल्या अमेरिकन वाद्यांच्या जास्त जवळ होत्या. फेंडरने 1982 मध्ये जपानी कंपन्यांशी भागीदारी करून फुजिगेनमध्येच गिटारी बनवायला घेतल्या. 1985 मध्ये फेंडरची मालक असलेल्या सीबीएसने ती विकली तेव्हा सौद्यात अमेरिकेतला कारखाना नव्हताच. नवी फेंडर उभी राहीपर्यंत मोठा भार जपानी मालाने वाहिला.

पण मी ज्या वळणाबद्दल बोलतो आहे ते यामाहाच्या एसजी 2000 मध्ये दिसतं. कार्लोस सँटाना यामाहाची आधीची गिटार वाजवत होता. त्याला सूर आणखी लांबवर टिकायला हवा होता, वाद्याला आणखी वजन हवं होतं. 1976 मध्ये आलेल्या एसजी 2000 ची मान बॉडीला बाहेरून जोडलेली नाही. मेपल आणि महोगनीच्या पट्ट्यांची ती मान बॉडीतून आरपार शेवटपर्यंत जाते. ब्रिजखाली पितळेची जाड पट्टी बसवलेली आहे, तारेचं कंपन लाकडात विरून जाऊ नये म्हणून. गिटार जड आहे, तासभर उभं राहून वाजवलं तर खांदा बोलतो. पण वरच्या फ्रेटवर एक सूर धरला की तो कसा उलगडत जातो ते ऐकावं. बाह्यरेषेत गिब्सनची आठवण असली, तरी आतली रचना कोणाची उसनी नाही.

दहा-अकरा वर्षांनी आयबानेझने अमेरिकन गिटारवादक स्टीव्ह वायसाठी जेम ही गिटार काढली, 1987 मध्ये. लोकांच्या लक्षात राहिली ती बॉडीतली पकडायची मूठ. वाजवणाऱ्याला महत्त्वाच्या वाटल्या त्या दुसऱ्याच गोष्टी: चोवीस फ्रेट, शेवटच्या चार फ्रेटमधलं लाकूड खरवडून खोलगट केलेलं, आणि ट्रेमोलोच्या मागे इतकी खोल खाच की दांडा दाबून सूर उतरवता येतो तसाच ओढून चढवताही येतो. तिच्याच सोबतीने आलेल्या आरजी गिटारांची मान पुढे पहिल्या फ्रेटपाशी जेमतेम 17 मिलिमीटर जाड ठेवली जाऊ लागली. 1990 मध्ये युनिव्हर्स आली, सात तारांची. ती वायच्या चपळ वादनासाठी होती. कॅलिफोर्नियातल्या कॉर्न बँडच्या पोरांनी तिची सातवी तार आणखी खाली उतरवून 1994 च्या पहिल्या अल्बममध्ये जो दणदणीत खर्ज काढला, त्यावर जड संगीताची पुढची अख्खी पिढी पोसली गेली. कारखान्याने दिलेल्या शक्यतेचं वादकाने भलतंच काही करून दाखवावं, यापेक्षा वाद्यनिर्मितीला मोठी दाद नाही.

याच सुमारास पैशाने घाव घातला. डॉलर उतरवण्यासाठी झालेल्या 1985 च्या प्लाझा करारावेळी डॉलरला सुमारे 240 येन पडत. 1987 सरताना तो दर 120 च्या आसपास होता. निर्यातीवर जगणाऱ्या कारखान्यांचं कंबरडं मोडलं. मात्सुमोकू 1987 मध्ये बंद पडली. स्वस्त गिटारी कोरियात, मग इंडोनेशिया आणि चीनमध्ये गेल्या. आज मुंबई-पुण्याच्या दुकानात शिकाऊ मुलगा जपानी नावाची गिटार घेतो, तेव्हा हेडस्टॉकच्या मागे बहुधा इंडोनेशियाचं नाव असतं.

जपानमध्ये उरलं ते वरच्या दर्जाचं काम. फुजिगेन चालू आहे. मात्सुमोतोच्या परिसरात मोमोसे, सुगी यांसारखी छोटी नावं आहेत, आणि त्यांच्या गिटारांची सफाई पाहून हात जोडावेसे वाटतात. मला खटकतं ते पुढे. या थक्क करणाऱ्या कौशल्याचा फार मोठा भाग पन्नासच्या दशकातल्या अमेरिकेची पुनर्निर्मिती करण्यात खर्च होतो: कोणत्या साली स्क्रू कुठे होता, रंग किती पिवळा पडला होता. सत्तरच्या दशकात ही हुबेहूबता म्हणजे तालीम होती. आता ती बाजारपेठ आहे, आणि गिऱ्हाईक तेच मागतं म्हणून कारागीर तेच देतो. सस्टेनर पिकअप आणि पोटात स्पीकर असलेली छोटी गिटार यांसारख्या खटपटी करणारी फर्नांडिस ही जपानी कंपनी जुलै 2024 मध्ये दिवाळखोरीत गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तिच्या नकलाही होत्याच. पण तिच्या खटपटी कुणी पुढे चालवणार आहे का?

चांगल्या बातम्या नाहीत असं नाही. यामाहाची 2015 ची रेव्हस्टार जुन्या यामाहांची याद ठेवूनही स्वतःच्या चेहऱ्याची आहे. आणि 2021 मध्ये आयबानेझने इचिका नितो या तरुण जपानी वादकाच्या नावाने हेडस्टॉकच नसलेली गिटार काढली. दोन्ही हातांनी तारा ठोकत, स्वच्छ आवाजात, जवळजवळ पियानोसारखे स्वरगुच्छ उभे करणारा हा वादक. आयबानेझची जगभर गाजलेली नावं बेन्सन, वाय, सॅट्रियानी अशी अमेरिकन होती. आता कारखाना आपल्याच देशातल्या, रॉकच्या जुन्या चौकटीत न बसणाऱ्या मुलाच्या बोटांकडे बघतो आहे. अशा आणखी दहा वादकांच्या हट्टापायी मात्सुमोतोत काय घडेल ते मला ऐकायचं आहे. 1959 च्या लेस पॉलची आणखी एक निर्दोष प्रत नको आहे.