मारिएन्थालचा ग्रंथ आणि सामाजिक उद्योगांची कसोटी

दीर्घकालीन बेकारीवरील उपाय म्हणून सहकारी संस्था व सामाजिक उद्योग पुढे केले जातात, तेव्हा त्यांचे यश बहुधा किती जणांना काम मिळाले ह्यावरून मोजले जाते. ही कसोटी अपुरी आहे, हे मारी यहोडा, पॉल लाझार्सफेल्ड व हान्स त्साइझल ह्यांच्या १९३३ मधील मारिएन्थालविषयक ग्रंथावरून ध्यानात येते.

व्हिएन्नाजवळील ह्या वस्तीतील कापडगिरणी १९२९-३० मध्ये बंद पडली. ग्रंथकारांनी तेथे जे पाहिले, ते केवळ दारिद्र्य नव्हते. वाचनालयाची वर्गणी माफ होऊनही दोन वर्षांत नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या सुमारे निम्म्याने घटली. पुरुष रस्त्यात वारंवार थबकत. त्यांची चाल स्त्रियांहून मंद होती. फुरसत होती, पण तिला आकार नव्हता. स्त्रियांचा दिवस मात्र घरकामाने भरलेला असे. तरीही केवळ वेतनासाठी नव्हे, तर चार माणसांतील जीवनासाठी त्यांना गिरणी हवी होती.

ग्रंथाचे सामर्थ्य ह्या सूक्ष्म निरीक्षणात आहे. त्याची उणीव अशी की, गिरणीने लादलेली शिस्त व माणसाने स्वेच्छेने आखलेला दिनक्रम ह्यांतील भेद त्यात पुरेसा उलगडत नाही. काम हरपल्याने काय हरपते हे तो सांगतो. कामावर सत्ता कोणाची असावी, हा प्रश्न अस्पर्शित राहतो.

मारिएन्थाल ज्या ग्रामाटनॉइझीडल गावात मोडते, तेथेच ऑक्टोबर २०२० मध्ये दीर्घकाळ बेकार असलेल्या सर्वांना रोजगाराची हमी देणारा प्रयोग सुरू झाला. सहभाग ऐच्छिक होता. कामे एका सामाजिक उद्योगामार्फत निर्माण केली गेली. त्याच्या मूल्यमापनात उत्पन्नाबरोबरच दिनक्रम, सामाजिक संबंध व प्रतिष्ठा ह्यांतही सुधारणा आढळली. शारीरिक आरोग्यात मात्र परिणाम दिसला नाही. ग्रंथातील मूळ निरीक्षणांस ह्यामुळे पुष्टी मिळते. परंतु हा प्रयोग २०२४ मध्ये संपला, आणि तो चालू ठेवावा की नाही, हे ठरविणे कामगारांच्या हाती नव्हते.

सहकारी संस्थेत प्रत्येक सभासदास एक मत असते. तेथे हा अधिकार मिळू शकतो. पण सभासद निवडणारी संस्था सर्वांनाच सामावून घेईल असे नाही. एका मार्गात दार सर्वांना खुले आहे, परंतु घर दुसऱ्याचे. दुसऱ्यात घर स्वतःचे आहे, परंतु दार अरुंद. बेकारीनिवारणाच्या कोणत्याही योजनेचे परीक्षण ह्या दोन्ही प्रश्नांवर व्हावयास हवे.