हात लावा, पण मोजाही

2013 हे वर्ष युनेस्कोच्या आश्रयाखाली ‘पृथ्वी ग्रहाचं गणित’ म्हणून साजरं झालं. त्यासाठी जगभरातून प्रदर्शनाचे नमुने मागवले गेले, स्पर्धा झाली, आणि मार्च 2013 मध्ये पॅरिसला युनेस्कोच्या मुख्यालयात प्रदर्शन उघडलं. सगळे नमुने मुक्त परवान्याखाली आहेत. नकाशे छापून घ्या, प्रोग्रॅम लॅपटॉपवर चालवा, झालं. म्हणजे हे प्रदर्शन लकडगंजातल्या एखाद्या शाळेतही मांडता येईल. मांडण्याआधी एक प्रश्न मात्र विचारायला हवा: इथे हाताला जे काम दिलंय, त्यातून गणित कळतं का? स्पर्धेतले पहिले दोन नमुने घेऊन बघू.

पहिला क्रमांक मिळाला तो डॅनियल रामोस यांच्या ‘पृथ्वीचा गोल’ या नमुन्याला. पृथ्वीगोलावर सगळीकडे सारख्याच आकाराची छोटी वर्तुळं काढायची आणि सपाट नकाशांवर त्यांचं काय होतं ते बघायचं. कुठे ती फुगतात, कुठे लंबगोल होतात. मर्केटरच्या नकाशात क्षेत्रफळ नागपूरच्या अक्षांशावर साधारण 15 टक्क्यांनी वाढतं, तर 72 अंश उत्तरेला, म्हणजे ग्रीनलंडच्या मध्यभागी, दहा पटींहून जास्त. म्हणून भारतापेक्षा लहान असलेलं ग्रीनलंड त्या नकाशात भारताच्या कितीतरी पट मोठं दिसतं. दुसरा नकाशा क्षेत्रफळ सांभाळतो, पण आकार बिघडवतो. तिसरा आणखी काहीतरी. बघणारा आपोआप विचारतो, ‘मग बरोबर नकाशा कोणता?’ उत्तर असं की कोणताच नाही, आणि तो कधी सापडणारही नाही. कार्ल फ्रीडरिश गाउसने 1827 मध्ये सिद्ध केलेल्या प्रमेयातून हे निघतं.

मला हा नमुना आवडतो, कारण इथे हात तुलना करतो आणि प्रश्न त्या तुलनेतून उठतो. कमी पडतं ते पुढचं पाऊल: *का* शक्य नाही? त्यासाठी आपल्याकडे दोन वस्तू तयारच आहेत. एक, नागपुरी संत्रं. सालीचा तळहाताएवढा तुकडा टेबलावर दाबून सपाट करा, कडा फाटतातच. दुसरी, लकडगंजच्या बाजारातला लाकडाचा ओंडका. प्लायवूडसाठी असा ओंडका फिरवत फिरवत पात्याने सोलतात आणि त्याचा पातळ थर चादरीसारखा सपाट उलगडतो. दोन्ही वस्तू गोलच, मग एक उलगडते आणि दुसरी फाटते, असं का? ओंडका एकाच दिशेने वाकलेला असतो, लांबीच्या दिशेने सरळ. संत्रं दोन्ही दिशांना वाकलेलं. गाउसची वक्रता म्हणजे या दोन दिशांच्या वाकांचा गुणाकार. ओंडक्यात एक वाक शून्य, म्हणून गुणाकारही शून्य. संत्र्यात तो शून्य नाही. न ताणता, न फाडता हा आकडा बदलता येत नाही. सपाट कागदाचा आकडा शून्य आहे, पृथ्वीचा नाही. विषय संपला.

दुसरा क्रमांक ‘ड्यून ॲश’चा. स्क्रीनवर युरोपचा नकाशा. ज्वालामुखी कुठे ते ठरवा, बोटाने वारा काढा, राख कशी पसरते ते बघा. 2010 मध्ये आइसलंडच्या ज्वालामुखीने युरोपातली विमानं जमिनीवर बसवली होती, त्यामुळे विषय खरा आहे. दिसतंही सुरेख. पण मुलं राख आपल्या आवडीच्या शहरावर नेतील, हसतील आणि पुढे जातील. वाऱ्याने राख वाहून जाणं आणि ती आपोआप विरळ होत पसरणं या दोन वेगळ्या गोष्टी एका समीकरणात कशा बसतात, हे बोटाला कळत नाही. ‘दोन तासांनी राख कुठे असेल ते आधी खूण करून सांगा’ असं एवढं जरी विचारलं असतं, तरी खेळाचं गणित झालं असतं. आपल्याकडच्या अनेक विज्ञान दालनांचा आजारही हाच: बटण दाबा, दिवा लागतो, पुढे चला.

आणि या दोन्ही नमुन्यांत पृथ्वी गोल आहे हे गृहीतच धरलंय. ते मोजतात कसं? याची जागा तर नागपूरपासून अगदी जवळ आहे. 1802 मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे आणणारे विल्यम लॅम्बटन 1823 मध्ये नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला वारले. एवढ्या मोठ्या त्रिकोणांत तीन कोनांची बेरीज 180 अंशांपेक्षा किंचित जास्त भरते. नागपूर, वर्धा आणि भंडारा यांचा त्रिकोण घेतला तर हे जास्तीचं माप सुमारे 6 सेकंद येतं. 1 सेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग. संत्र्याची साल फाडणारी वक्रता ती हीच, फक्त इथे ती आकड्यात दिसते. झिरो माइलपाशी फोटो काढणाऱ्या किती जणांना हे कोणी सांगितलंय?

तेव्हा इथे हे प्रदर्शन मांडायचं तर नकाशांचा नमुना जसाच्या तसा घ्यावा, राखेच्या खेळाला आधी अंदाज बांधायची अट घालावी, आणि शेजारी एक टेबल आपलं ठेवावं: संत्री, प्लायवूडचा एक पातळ थर, आणि एका मोठ्या चेंडूवर दोऱ्याने काढलेला त्रिकोण, सोबत कोनमापक. चेंडूवरच्या त्रिकोणात जास्तीचे अंश साध्या कोनमापकानेही सापडतात. मुलांनी ते स्वतः मोजावेत, आणि बेरीज 180 का येत नाही यावर भांडावं.