‘नाइस’ : माफक स्तुतीचे एक विशेषण

इंग्रजीतील ‘नाइस’ हे विशेषण आज इतके सुलभ झाले आहे की, ते वापरणाऱ्याने काही मत दिले आहे असे सहसा कोणी मानत नाही. हवा, जेवण, शेजारी, कविता यांपैकी कशालाही ते लावता येते. त्यातून पसंती कळते. पसंतीचे कारण आणि प्रमाण मात्र कळत नाही. तरीही वाङ्मयाच्या अभ्यासकाने त्याची उपेक्षा करू नये. स्तुतीचा शब्द कसा घडतो आणि कसा झिजतो, हे त्याच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

या शब्दाचे मूळ निंदेत आहे. लॅटिनमधील ‘नेस्किउस’ म्हणजे अजाण. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ ‘मूर्ख’ असा होता आणि चौदाव्या शतकात चॉसरच्या काव्यातही तो याच अर्थाने येतो. पुढे स्वैर, लाजाळू, नाजूक, चोखंदळ असे परस्परांशी न जुळणारे अर्थ त्याला चिकटत गेले. सोळाव्या शतकापासून ‘सूक्ष्म’, ‘काटेकोर’ हा अर्थ स्थिरावला. ‘सुखद’ हा आजचा अर्थ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. अजाणतेपणाचा शब्द कौतुकाचा व्हावा याचे मराठी वाचकास नवल वाटू नये. संस्कृतातील ‘मुग्ध’ हा शब्द मोहित, मूढ येथपासून निरागस, मनोहर येथवर असाच आला आहे.

जुने अर्थ ध्यानी न घेतल्यास वाचनात कशी चूक होते, याचे उदाहरण शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये मिळते. पाचव्या अंकात, रोमिओपर्यंत न पोचलेल्या पत्राविषयी बोलताना फ्रायर लॉरेन्स ते ‘नाइस’ नव्हते असे म्हणतो. आजच्या अर्थाने वाचणारा ‘पत्रातील मजकूर सुखाचा नव्हता’ असे समजेल, आणि शोकांतिकेच्या वातावरणात ते खपूनही जाईल. वस्तुतः त्याला म्हणायचे आहे ते असे की, पत्र क्षुल्लक नव्हते, त्यावर फार मोठे काही अवलंबून होते. चुकीचा अर्थ प्रसंगाशी जुळतो म्हणूनच तो अधिक फसवा ठरतो.

या शब्दाची सर्वांत मार्मिक चर्चा जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’ या कादंबरीत आहे. लेखिकेच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या अखेरीस ती प्रसिद्ध झाली. बाथनजीकच्या टेकडीवर फिरताना कॅथरिन मोरलंड ही तरुणी अ‍ॅन रॅडक्लिफच्या ‘द मिस्टरीज ऑफ उडोल्फो’ (१७९४) या कादंबरीला ‘नाइस’ ठरवते आणि हेन्री टिल्नी तिची थट्टा करतो. हा शब्द आता कशालाही चालतो. मुळात तो नेटकेपणा, औचित्य, सुसंस्कृतता अशा गुणांसाठी असावा, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे.

हेन्रीचा इतिहास कच्चा आहे. तो ज्याला मूळ अर्थ समजतो तो मधल्या काळातला आहे. खरे मूळ ‘मूर्ख’ येथे आहे. म्हणजे मूळ अर्थाची शुद्धता हा या वादाचा आधार होऊ शकत नाही. शिवाय त्याची बहीण एलिनॉर त्याला चोख उत्तर देते. हे विशेषण खरे तर तुलाच लावावे, आणि तेही स्तुती म्हणून नव्हे, असे ती सुचवते. शहाणपणापेक्षा चोखंदळपणा अधिक, हा तिचा टोला आहे. कॅथरिनची भाबडी पसंती, हेन्रीची आदर्श व्याख्या आणि एलिनॉरचा उपरोध असे एकाच शब्दाचे तीन उपयोग एका संवादात एकत्र आले आहेत. ऑस्टिन निवाडा देत नाही; कोणता उपयोग काय साधतो, ते दाखवते.

तरीही हेन्रीच्या तक्रारीत तथ्य उरते. जो शब्द एकेकाळी सूक्ष्म भेद करण्याची शक्ती दाखवीत होता, तोच आज भेद टाळण्याच्या कामी येतो. जुना अर्थ आता सूक्ष्म फरकाविषयी किंवा कायद्यातील बारीक मुद्द्याविषयी बोलताना तेवढा टिकून आहे. एरवी स्वराचा हेल बदलला की हा शब्द सौजन्यपूर्ण नकारही होतो. कवितेला कोणी केवळ ‘नाइस’ म्हटले तर कवीने आनंद मानावा की चिंता करावी, हे सांगणे कठीण आहे.

आपल्या समीक्षेतही ‘वाचनीय’, ‘उल्लेखनीय’, ‘दखलपात्र’ ही विशेषणे हेच काम करतात. जे पुस्तक वाचून झाले ते वाचनीय आहे, एवढ्याने वाचकाच्या हाती काय लागते? बोलीतील ‘बरा’ची गतीही पाहण्याजोगी आहे. प्राचीन मराठीत ‘बरवा’ म्हणजे सुंदर, उत्तम. आज ‘पुस्तक बरे आहे’ म्हणताना आपण जेमतेम उत्तीर्ण करतो. कोकणीत मात्र ‘बरें’ अजूनही पुरते चांगले आहे.

माफक स्तुती हा दोष नव्हे. बहुतेक साहित्यकृती माफक स्तुतीच्याच धनी असतात आणि प्रत्येक संग्रहाला ‘अपूर्व’ ठरविण्यापेक्षा ती अधिक प्रामाणिक असते. परंतु ती माफक असली तरी मोघम असू नये. काय साधले, कोठे साधले, किती साधले, हे सांगितल्यास साधा शब्दही पुरतो. कॅथरिनला आपल्या वाचनानंदासाठी तो एक शब्द पुरेसा होता, आणि वाचक म्हणून तिला तो अधिकार आहे. समीक्षकाला मात्र तेथे थांबता येत नाही. त्याचे काम त्या शब्दानंतर सुरू होते.