दुसऱ्याचे शब्द, आपली कविता : ह्यू मॅकडिअर्मिडचे कागद वाचताना

आज ज्या कवीबद्दल बोलायचं ठरवलंय त्याचं खरं नाव ख्रिस्तोफर मरे ग्रीव्ह. जग त्याला ह्यू मॅकडिअर्मिड म्हणून ओळखतं. विसाव्या शतकातला स्कॉटलंडचा सगळ्यात मोठा कवी, असं त्याचे चाहते म्हणतात, आणि सगळ्यात त्रासदायक माणूस, असंही बहुधा तेच चाहते म्हणतात. 1928 साली नॅशनल पार्टी ऑफ स्कॉटलंड स्थापन झाली तेव्हा संस्थापकांमध्ये तो होता. पुढे तो साम्यवादाकडे झुकला म्हणून राष्ट्रवाद्यांनी त्याला दूर केलं, आणि तो फार राष्ट्रवादी आहे म्हणून कम्युनिस्टांनी काढून टाकलं. 1956 साली हंगेरीत सोव्हिएत रणगाडे घुसले, जगभरचे लेखक पक्ष सोडायला लागले, तेव्हा हा गृहस्थ पक्षात परत गेला! ‘हूज हू’ या चरित्रकोशात छंद काय, असं विचारतात. यानं लिहिलं, इंग्रजद्वेष.

असे किस्से सांगत बसलो तर तास सहज जाईल. पण मला आज त्याच्या कागदांबद्दल बोलायचंय. कवी 1978 साली गेला. मागे राहिली ती हस्तलिखितं, वह्या, कच्चे मसुदे, हजारो पत्रं. त्यातलं पुष्कळसं आज एडिंबरोत आहे, स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात. हे कागद अभ्यासकांनी उघडले, आणि त्यातून कवीचा पुतळा आणखी उंच व्हायच्या ऐवजी काही गोष्टी अवघड झाल्या. त्या अवघड गोष्टींचं काय करायचं, हा माझा प्रश्न आहे.

सुरुवात लँगमपासून करू. इंग्लंडच्या सरहद्दीजवळचं लहानसं गाव, लोकरीच्या गिरण्यांचं. 1892 सालचा जन्म. वडील पोस्टमन. कुटुंब राहायचं त्या इमारतीतच वरच्या मजल्यावर गावचं ग्रंथालय होतं. थॉमस टेलफर्ड हा मोठा अभियंता त्याच भागातला, त्याच्या देणगीचा हातभार त्या ग्रंथालयाला होता. पोरगा कपड्यांची टोपली घेऊन वर जायचा आणि ती पुस्तकांनी भरून खाली आणायचा, असं त्यानंच लिहून ठेवलंय. ही टोपली जरा लक्षात ठेवा. पुस्तकं टोपलीनं उचलायची ही सवय त्याची शेवटपर्यंत सुटली नाही, आणि पुढचं सगळं वैभव नि सगळा घोटाळा त्या टोपलीतूनच निघतो.

पहिल्या महायुद्धात तो सैन्याच्या वैद्यकीय तुकडीत, सलोनिकाला होता. तिथे मलेरियानं पार झोपवला. परत आल्यावर माँट्रोझ नावाच्या किनाऱ्यावरच्या गावात वार्ताहर म्हणून नोकरी, नगरपरिषदेत सदस्यपद, संसार. आणि इथे, 1922 साली, एक गंमत झाली.

तोवर हा माणूस स्कॉट्स भाषेत लिहिण्याच्या विरोधात होता. स्कॉट्स म्हणजे गेलिक नव्हे, हे सांगायला हवं. गेलिक ही डोंगराळ भागाची, बेटांची, आयरिशच्या कुळातली भाषा. स्कॉट्स ही सखल भागाची, इंग्रजीची बहीण. बर्न्स लिहायचा ती. पण बर्न्सनंतर ती पार घसरली होती, मेजवानीनंतरची विनोदी पदं आणि आजीच्या आठवणी एवढ्यापुरती उरली होती. लंडनच्या बर्न्स क्लबनं बोली वाचवायची मोहीम काढली तेव्हा ग्रीव्हनं वर्तमानपत्रातून तिच्यावर कडाडून टीका केली होती. आणि मग त्याच्या हाती एक पुस्तक पडलं. सर जेम्स विल्सन यांचं, पर्थशरमधल्या एका खोऱ्यातल्या बोलीचं. हे विल्सन कोण? पंजाबात मुलकी सेवेत आयुष्य घालवलेला अधिकारी, शाहपूर जिल्ह्यातल्या पंजाबीचं व्याकरण आणि कोश केलेला माणूस. निवृत्त होऊन घरी गेला आणि तीच सवय आपल्या मायबोलीला लावली. आपल्याकडे मोल्सवर्थ चाळणाऱ्यांना ही जात ओळखीची वाटेल.

त्या पुस्तकातल्या शब्दांच्या याद्यांमधून ग्रीव्हनं काही शब्द उचलले. ‘वॉटरगॉ’ म्हणजे धूसर, तुटका इंद्रधनुष्य. ‘याउ-ट्रमल’ म्हणजे मेंढ्यांची लोकर कातरून झाल्यावर जुलैत येणारा थंडीचा कडाका. उघड्या पडलेल्या मेंढ्या त्यात कुडकुडतात, म्हणून हे नाव. बघा, अख्खा ऋतू, अख्खा धंदा एका शब्दात. हे शब्द पुस्तकात एकमेकांच्या शेजारीच छापलेले आहेत, हे अभ्यासकांनी नंतर दाखवून दिलं. त्यांतून झाली ‘द वॉटरगॉ’ ही बारा ओळींची कविता.

आणि गंमत ही, की वर्तमानपत्रात पहिल्यांदा ती दिली तेव्हा ‘ही माझ्या एका मित्राची’ म्हणून दिली. महिनाभरात त्याच्याच ‘स्कॉटिश चॅपबुक’ या मासिकात ती ह्यू मॅकडिअर्मिड या नावानं आली. म्हणजे मित्राला नाव मिळालं, आणि मित्रानं हळूहळू ग्रीव्हला बाजूला सारलं.

कविता काय आहे? ओल्या संध्याकाळी, त्या थंडीत, कुणाला तरी तुटका इंद्रधनुष्य दिसतो. आणि त्याला आठवते एका मरणाऱ्या माणसानं टाकलेली शेवटची नजर. त्या नजरेचा अर्थ आपल्याला आता कदाचित कळला असेल, एवढंच तो म्हणतो. बस्स. पुष्कळ जण हिचा संबंध त्याच्या वडिलांच्या मृत्यूशी जोडतात. 1911 साली ते गेले तेव्हा पोरगा अठरा वर्षांचा होता. मी हे मुद्दाम सांगतोय, कारण कोशातून उचललेल्या शब्दांची कविता म्हटलं की आपण नाक मुरडतो. कृत्रिम, म्हणतो. पण इथे शब्द परके आहेत आणि नजर घरातली आहे. अकरा वर्षं सांगता न आलेली गोष्ट इंग्रजीत बसत नव्हती. ती या दुसऱ्यांच्या, जवळजवळ मेलेल्या शब्दांत बसली. चोरी म्हणा, उसनवारी म्हणा. पण व्याजासकट फेडलेली.

पुढची चार वर्षं म्हणजे नुसता झरा. 1925 ला ‘सँगशॉ’, 1926 ला ‘पेनी व्हीप’ आणि त्याच वर्षाअखेरीस ‘अ ड्रंक मॅन लुक्स ॲट द थिसल’, अडीच हजारांवर ओळींची दीर्घकविता. दारू प्यायलेला एक माणूस रात्री टेकडीवर पडलाय, चांदण्यात समोर काटेरी थिसल, स्कॉटलंडचं राष्ट्रीय चिन्ह, आणि ते त्याला क्षणोक्षणी वेगळं दिसतंय. राष्ट्रवादी कवीनं राष्ट्रचिन्हाची एवढी टवाळी केलेली मला दुसरीकडे आठवत नाही. संगीतकार एफ. जी. स्कॉट, ज्याला ती अर्पण केलीय, सांगायचा की कागदांचा नुसता ढीग होता, आपण दोघांनी रात्री बसून तो लावला, काही पानं फेकली. किती खरं, किती मित्राचा आव, यावर वाद आहे. पण मला ते चित्र पटतं. ढीग करणारा एक आणि ‘हे काढ’ म्हणणारा दुसरा. पुढे आयुष्यात हा दुसरा माणूस त्याला फारसा मिळाला नाही.

1933 मध्ये तो शेटलंडमधल्या व्हॉल्से बेटावर गेला. पहिलं लग्न मोडलेलं, नोकरी नाही. दुसरी बायको व्हाल्डा, कॉर्नवॉलची, आणि लहान मुलगा मायकल बरोबर. घराचं नाव सॉडम! 1935 मध्ये मनानं-शरीरानं तो कोसळला, पर्थच्या इस्पितळात काही आठवडे काढले. आणि या सगळ्यात तो लिहीत होता, अवाढव्य. ‘ऑन अ रेज्ड बीच’ ही त्या बेटांवरची कविता मी त्याच्या उत्तम कवितांत धरतो. तिची सुरुवात भूगर्भशास्त्राच्या इतक्या अवघड शब्दांनी होते की वाचणाऱ्याला दगडांवरून अनवाणी चालल्यासारखं होतं. तेही कोशातलेच शब्द. पण तिथेही समोर खरा किनारा आहे, खरा एकटा माणूस आहे.

नंतर टोपली भरतच गेली. आता शब्दांऐवजी वाक्यं यायला लागली, वाक्यांऐवजी परिच्छेद. विज्ञानाची पुस्तकं, परीक्षणं, विश्वकोश. वह्यांत उतरून घ्यायचं, ओळी तोडायच्या, कवितेत घालायचं. 1955 च्या ‘इन मेमोरिअम जेम्स जॉइस’मध्ये कार्ल क्राउसवरचा जो भाग आहे तो टाइम्स लिटररी सप्लिमेंटमधल्या लेखातून उचललेला. नाव कुठे नाही.

मग 1965. ‘परफेक्ट’ नावाची एक छोटी कविता, किनाऱ्यावर सापडलेल्या कबुतराच्या कवटीवरची, 1939 च्या त्याच्या पुस्तकातली. फार सुंदर, फार नेमकी. तिचं कौतुक छापून आलं, आणि ग्लिन जोन्स या वेल्श लेखकानं कळवलं की पहिली ओळ सोडली तर बाकी सगळं माझ्या कथेतलं गद्य आहे. ‘द ब्लू बेड’ हा त्याचा कथासंग्रह 1937 चा. मॅकडिअर्मिडचं उत्तर असं, की एक तर ते माझ्या स्मरणात बसलं आणि मला ते माझंच वाटलं, नाहीतर वहीत उतरवून घेतलं आणि परिणाम तोच झाला. यावर पत्रांचा पाऊस पडला. ओळी तोडल्या म्हणजे कविता झाली का, हा वाद चांगलाच रंगला.

मी या वादात एवढंच म्हणेन: 1922 मध्ये त्यानं स्वतःची कविता मित्राची म्हणून दिली, 1939 मध्ये दुसऱ्याचं गद्य स्वतःची कविता म्हणून छापलं. दोन्ही वेळा हात तोच. ‘वॉटरगॉ’ची थोरवी आणि ‘परफेक्ट’ची लबाडी वेगवेगळ्या माणसांच्या नावावर टाकता येत नाहीत. त्याचे काही समर्थक म्हणतात, हे तर आधुनिक तंत्र आहे, एलियटनं केलं, पाउंडनं केलं. मला हे पटत नाही. एलियट उसनं घेतो तेव्हा उसनं घेतल्याचं दिसावं अशी त्याची इच्छा असते. ग्लिन जोन्सचं ऋण दिसू नये अशी तजवीज होती, किंवा ते विसरलं होतं. विसरणं हेही कवीच्या बाबतीत लहान पाप नाही.

आता सगळ्यात कठीण कागद. जॉन मॅन्सन या चिकाटीच्या अभ्यासकानं राष्ट्रीय ग्रंथालयातल्या हस्तलिखितांतून अप्रकाशित कविता शोधून काढल्या. 2003 मध्ये त्या पुस्तकरूपानं आल्या. त्यात जून 1940 ची एक कविता आहे, लंडनच्या येऊ घातलेल्या विनाशावर. मोठे हवाई हल्ले अजून सुरू व्हायचे होते. कवी बेटावर बसून म्हणतो, आशय सांगतो मी, की लंडन बेचिराख होईल आणि मला त्याची फारशी पर्वा नाही.

वर्तमानपत्रांनी अर्थातच गहजब केला. एक बाजू म्हणाली, बघा, हा तुमचा राष्ट्रकवी. दुसरी म्हणाली, त्यानं छापली नव्हती ना? खणातला कागद आहे, रागाच्या भरातला. माणसाला खणात काही ठेवायचा हक्क आहे की नाही?

हक्क आहे. मी तो मानतो. पण इथे तो उपयोगी पडत नाही, कारण त्याच सुमारास सॉर्ली मॅक्लेन या गेलिक कवीला लिहिलेल्या पत्रातही सूर तोच आहे: नाझी भयंकर आहेत खरे, पण ब्रिटिश आणि फ्रेंच भांडवलदार हे मोठे शत्रू. ही पत्रंही आता छापलेली आहेत. म्हणजे तो क्षणाचा तोल जाणं नव्हे, तो विचार होता. 1923 मध्ये त्यानं स्कॉटिश फॅसिझमचा पुरस्कार करणारा लेख लिहिला होता, तोही छापून, उघडपणे. आणि हे पत्र ज्याला गेलं तो मॅक्लेन सैन्यात गेला, 1942 मध्ये अल-अलामेनला जबर जखमी झाला. मॅक्लेननं मॅकडिअर्मिडच्या सुरुवातीच्या भावकवितांचं ऋण मात्र कायम मानलं. याला मी मोठेपणा म्हणतो.

माझी टीका वेगळी आहे, आणि ती वाङ्मयीनच आहे. लंडनची ती कविता सपाट आहे. का सपाट आहे? ‘वॉटरगॉ’त एक चेहरा होता, मरणाऱ्या एका माणसाचा. या कवितेत लाखो माणसं मरणार आहेत आणि चेहरा एकही नाही. शहर, सत्ता, वर्ग असले शब्द आहेत. कोशातले शब्द घेऊनही त्याची कविता जिवंत राहिली ती समोर कुणीतरी होतं म्हणून. जिथे कुणी नव्हतं तिथे सगळी विद्वत्ता, सगळा राष्ट्राभिमान आणि सगळा साम्यवाद मिळूनही त्याला एक माणूस उभा करता आला नाही. हे कळायला तो खणातला कागद उघडावाच लागला. म्हणून कागद झाकून ठेवा म्हणणाऱ्यांच्या बाजूनं मी नाही. आणि तो कागद दाखवून सगळा कवीच बंद करा म्हणणाऱ्यांना मी विचारेन, ‘वॉटरगॉ’ वाचलीत का?

शेवटची सत्तावीस वर्षं बिगर गावाजवळच्या ब्राउन्सबँक नावाच्या झोपडीवजा घरात गेली. 1964 मध्ये पंतप्रधान अॅलेक डग्लस-ह्यूमविरुद्ध कम्युनिस्ट म्हणून निवडणूक लढवली. मतं मिळाली 127. लँगमला त्याला पुरलं. त्या गावाशी त्याचं कधी जमलं नाही. 1985 मध्ये जेक हार्वी या शिल्पकारानं त्याचं स्मारक केलं, पोलाद आणि ब्राँझमधलं, उघड्या पुस्तकाच्या आकाराचं. ते गावात नाही, गावाबाहेर टेकडीवर, वाऱ्यात उभं आहे.

वेळ संपत आली. पुढच्या वेळी मॅक्लेनच्या गेलिक कविता घेऊ, त्याच पत्रव्यवहाराच्या दुसऱ्या टोकाकडून. प्रश्न असतील तर आता विचारा. ‘परफेक्ट’बद्दल माझ्याशी भांडायचं असेल तर आधी विचारा.